मोटारगाडीतील विद्युत् शीतन पंखा

द्रवशीतित अंतर्ज्वलन-एंजिनाच्या रेडिएटरमधून हवा खेळविण्यासाठी बसविलेल्या आणि गाडीच्या बॅटरीवर चालणाऱ्या चलित्राने फिरणाऱ्या पंख्यास विद्युत् शीतन पंखा म्हणतात. १९६० च्या सुमारापर्यंत जवळजवळ सर्व मोटारगाड्यांत हा पंखा यांत्रिक असे. म्हणजे तो पाण्याच्या पंपाच्या दंडावर बसविलेला असून एंजिनाच्या भुजादंडावरून पट्ट्याने फिरविला जाई. पुढील दोन-अडीच दशकांत लहान मोटारगाड्यांत त्याची जागा विद्युत् पंख्याने घेतली. जुन्या गाड्यांच्या संदर्भात या पंख्याचा विचार दोन प्रकारे करावा लागतो. काही गाड्यांत तो मूळचाच असतो व वयोमानाने निकामी होतो. पुष्कळ गाड्यांत तो यांत्रिक पंख्याच्या जागी मागाहून बसविला जातो. या दुसऱ्या प्रकारात फसगत होण्याचा संभव अधिक असतो, कारण पंखा बदलला म्हणजे एंजिन तापण्याचे थांबेल, ही समजूत अर्धीच खरी आहे.

पेट्रोल एंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी स्थूलमानाने एक तृतीयांश भागाचे कार्यात रूपांतर होते, एक तृतीयांश निष्कास वायूंबरोबर बाहेर जातो आणि उरलेला एक तृतीयांश भाग सिलिंडरांभोवतालच्या पाण्यात शिरतो. सु. ४० अश्वशक्तीचे एंजिन पूर्ण भाराने चालत असता सु. ३० किलोवॉट इतकी उष्णता पाण्यावाटे रेडिएटरला हवेत सोडावी लागते. रेडिएटरमधून जाताना हवेचे तापमान ४०° से. ने वाढते असे धरले, तर त्यासाठी दर सेकंदाला सु. पाऊण किग्रॅ. हवा लागते. गाडी ताशी ५०–६० किमी. किंवा त्याहून अधिक वेगाने जात असली म्हणजे एवढी हवा समोरून आपोआप मिळते व पंख्याची गरज उरत नाही. गाडी चौकात उभी असते तेव्हा एंजिन निर्भार स्थितीत मंद फिरते आणि पाण्यात जेमतेम अडीच-तीन किलोवॉट उष्णता सोडते. परंतु ती नेण्यास हवा मात्र मुळीच नसते. म्हणजे पंख्याचे खरे काम गाडी उभी असताना किंवा रांगत असताना असते.

नेमक्या याच वेळी यांत्रिक पंखा दुबळा पडतो. पंख्याने हलविलेल्या हवेचे घनफळ त्याच्या वेगाच्या सम प्रमाणात आणि त्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. दर मिनिटाला ४,००० फेरे घेताना २ किलोवॉट शक्ती खाणारा पंखा ८०० फेऱ्यांना एक पंचमांश हवा हलवितो आणि त्याच्या वाट्याला अवघी १६ वॉट शक्ती येते. उलट मोकळ्या रस्त्यावर गाडी भरधाव धावत असता, जेव्हा त्याची काहीच आवश्यकता नसते तेव्हा, तो जास्तीत जास्त शक्ती खातो व जास्तीत जास्त आवाज करतो. शंभर वॉटचा साधा विद्युत् पंखा एंजिनाच्या वेगाशी बांधलेला नसल्यामुळे चौकातही पूर्ण वेगाने फिरतो व रस्ता मोकळा होताच थांबतो. त्याची बाजू येथे बळकट आहे. अर्थात विद्युत् शक्तीही फुकट मिळत नाही. जनित्र, पट्टा व चलित्र यांतील हानी धरता शंभर वॉटच्या पंख्यासाठी एंजिनाला सु. दुप्पट शक्ती द्यावी लागते. परंतु हा पंखा एकूण प्रवासाच्या थोड्या भागातच चालू असल्याने हिशेब सहसा फायद्याचा ठरतो.

इतिहास : पंख्याचा इतिहास रेडिएटरच्या इतिहासाशी निगडित आहे. व्हिल्हेल्म मायबाख यांनी १९०१ च्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीझ गाडीसाठी सु. ८,००० चौकोनी नळ्यांचा मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनविला आणि मंद वेगात हवा मिळावी म्हणून त्याच्या मागे पंखा बसविला. फोर्ड कंपनीच्या टी नमुन्यात (१९०८) पाणी केवळ तापमानातील फरकामुळे फिरत असे. त्यातही पट्ट्यावर चालणारा पंखा होता. पुढे अर्धशतकभर या मांडणीत मूलभूत बदल झाला नाही, कारण एंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेत बसविलेले असे, रेडिएटर त्याच्या थेट पुढे येई आणि पंख्याला पट्ट्याने फिरविणे हीच सर्वांत सोपी गोष्ट होती.

नको तेव्हा पंखा सोडविण्याचे प्रयत्न विद्युत् पंखा रूढ होण्यापूर्वीच सुरू झाले होते. फ्रान्समधील प्यूजो कंपनीने आपल्या ४०४ नमुन्यात (१९६०) तापमानानुसार आपोआप जोडला व सोडला जाणारा विद्युत् चुंबकीय क्लचाचा पंखा दिला होता. सिलिकोन द्रवाच्या श्यानतेवर चालणारा क्लच मोठ्या गाड्यांत अद्यापही आढळतो. इंग्लंडमधील जॅग्वार कंपनीच्या ई टाइप या नमुन्यात १९६१ पासूनच थर्मोस्टॅटी स्विचाने चालणारा विद्युत् पंखा होता. हा स्विच तेथील कारागिरांत त्याच्या उत्पादकाच्या नावावरून ‘ऑटर स्विच’ म्हणून ओळखला जातो. एकच पंखा या एंजिनाला अपुरा पडतो अशी तक्रार असे; १९६८ मधील दुसऱ्या मालिकेत पुढील तोंड मोठे करून दोन पंखे देण्यात आले.

तथापि विद्युत् पंखा सर्वसामान्य गाडीत आला तो प्रामुख्याने एंजिनाची दिशा बदलल्यामुळे. एंजिन आडवे बसवून पुढील चाके चालविण्याची मांडणी १९५९ च्या मिनी गाडीने लोकप्रिय केली. पण तिच्यात पंखा यांत्रिकच ठेवल्यामुळे रेडिएटर एंजिनाच्या बाजूला, चाकाच्या कमानीलगत बसवावा लागला आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याचा लाभ त्याला सरळ मिळेनासा झाला. विद्युत् पंखा वापरल्यास रेडिएटर एंजिनापासून कोठेही दूर ठेवता येतो. फियाट कंपनीच्या १२८ नमुन्यात (१९६९) एंजिन आडवे, रेडिएटर समोर आणि त्यामागे विद्युत् पंखा ही मांडणी होती व पुढील काळात लहान गाड्यांत तीच रुळली. भारतात ही मांडणी घरोघर पोहोचविण्याचे श्रेय डिसेंबर १९८३ मध्ये बाजारात आलेल्या मारुती ८०० ला द्यावे लागेल. तत्पूर्वीच्या अँबॅसडर व प्रीमियर पद्मिनी या गाड्यांचे पंखे यांत्रिक होते. बोरघाट चढून आल्यावर बॉनेट उघडून वाफा जिरण्याची वाट पाहणाऱ्या या गाड्यांची रांग हे एके काळी मुंबई–पुणे रस्त्यावरील नेहमीचे दृश्य होते. पद्मिनीचे उत्पादन विसाव्या शतकाच्या अखेरीस थांबले आणि अँबॅसडरचे २०१४ मध्ये. मुंबईच्या रस्त्यांवरील पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेल्या. हौसेने जतन केलेल्या गाड्या मात्र अजून चालतात आणि विद्युत् पंख्याचा प्रश्न मुख्यतः त्यांच्या मालकांना पडतो.

रचना व नियंत्रण : पंख्याचे चलित्र १२ व्होल्ट एकदिश प्रवाहावर चालते. लहान गाडीत त्याला सु. ८ ते १२ अँपिअर प्रवाह लागतो; सुरू होताना क्षणभर याच्या दोन-तीन पट किंवा त्याहूनही अधिक लागतो. पाती पूर्वी धातूची असत, नंतर ती प्लॅस्टिकची झाली. पंखा रेडिएटरच्या मागे बसवून हवा खेचता येते किंवा पुढे बसवून ढकलता येते. मागचा पंखा अधिक चांगला. पुढचा पंखा गाडी वेगात असताना वाऱ्याच्या वाटेतील अडथळा बनतो. एंजिन व रेडिएटर यांत पुरेशी जागा नसेल तरच तो पुढे बसवावा. खेचणारा पंखा ढकलण्यासाठी वापरताना नुसत्या तारा उलट जोडून भागत नाही. पात्यांचा बाक एकाच दिशेसाठी घडविलेला असतो, म्हणून पातीही उलटवावी लागतात. असे न केल्यास पंखा फिरताना दिसतो, पण हवा फारच थोडी हलते.

पंख्याभोवतालचे आवरण ही दुर्लक्षिली जाणारी, परंतु अत्यंत महत्त्वाची बाब आहे. आवरण नसलेला पंखा रेडिएटरच्या आपल्यासमोरील वर्तुळाकार भागातूनच हवा ओढतो व कोपरे कोरडे राहतात; शिवाय पात्यांच्या टोकांकडून गरम हवा पुन्हा पुढे फिरते. एंजिन व रेडिएटर यांच्यातील फटी बुजविल्या व आवरण नीट बसविले, तर पुष्कळदा जुना यांत्रिक पंखाही समाधानकारक काम देतो. हा उपाय सर्वांत स्वस्त असूनही तो सर्वांत शेवटी केला जातो, हे विशेष.

पंखा चालू-बंद करणारा स्विच बहुधा द्विधातवी पट्टीचा असतो. तो रेडिएटरच्या टाकीत आट्यांनी बसवितात. वरच्या टाकीत बसविलेला स्विच साधारणतः ९२° से. ला पंखा चालू करतो व ८७° से. च्या आसपास बंद करतो. एंजिनातील मेणाचा थर्मोस्टॅट ८२° ते ८८° से. ला उघडतो. पंख्याच्या स्विचाचे तापमान याहून वर असले पाहिजे. अन्यथा पंखा कधी थांबतच नाही. स्विच खालच्या टाकीत असेल, तर तेथील पाणी निवलेले असल्याने त्याचे तापमान कमी निवडावे लागते. मागाहून बसविण्याच्या संचांत रबरी नळीच्या तोंडातून आत सरकविलेली केशनलिका असते. ती बसविण्यास सोपी असली, तरी त्या जागी पाणी झिरपण्याचा धोका राहतो. स्विचाच्या नाजूक स्पर्शकांतून पंख्याचा सर्व प्रवाह नेण्याऐवजी त्यांनी रिले चालवावा आणि रिलेने पंखा चालवावा, ही पद्धत अधिक टिकाऊ असते. परिपथात योग्य क्षमतेची वितळतार हवीच. पाती अडकली अथवा धारवा घट्ट झाला, तर चलित्र थांबलेल्या स्थितीत फार मोठा प्रवाह ओढते आणि वितळतार नसल्यास तारांवरील आवरण जळू लागते.

विद्युत् पुरवठा : जुन्या गाडीत विद्युत् पंखा बसविताना खरी अडचण हवेची नसून विजेची असते. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बहुतेक गाड्यांत एकदिश प्रवाहाचे जनित्र म्हणजे डायनॅमो असे. भारतीय गाड्यांत ते त्यानंतरही बराच काळ होते. लहान गाड्यांत सर्रास आढळणाऱ्या ल्यूकास सी ४० डायनॅमोची क्षमता २२ अँपिअर आहे, पण ती एंजिन वेगात असताना. निर्भार स्थितीत डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही आणि सर्व भार बॅटरीवर पडतो. पावसाळ्यातील रात्री वाहतुकीत अडकलेल्या गाडीचा हिशेब मांडून पाहावा : पुढचे दोन दिवे सु. ७·५ अँपिअर, ज्वलन परिपथ ३, मागचे व फलकावरील दिवे २, काच पुसणी ३. यांत पंख्याचे १० मिळविले म्हणजे बेरीज २५ च्या वर जाते. ४० अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी हा भार कागदावर दीड तास, प्रत्यक्षात तासाभरापेक्षाही कमी वेळ सोसते. म्हणजे ज्या प्रसंगासाठी पंखा बसविला त्याच प्रसंगी तो गाडी बंद पाडू शकतो. आल्टरनेटर निर्भार स्थितीतही बराच प्रवाह देतो. म्हणून पंख्याआधी आल्टरनेटर बसविणे शहाणपणाचे ठरते. 

दुसरी अडचण दाबातील घटीची. लांब, बारीक तारा व गंजलेली जोडणी यांमुळे चलित्रापर्यंत १३ ऐवजी १० व्होल्टच पोहोचले, तर वेग व हवा सु. चतुर्थांशाने घटतात. जाड तार आणि अंगाशी जोडण्याची स्वच्छ घासलेली जागा यांनी हा तोटा भरून निघतो. तिसरी बाब ध्रुवतेची. जुन्या ब्रिटिश धाटणीच्या अनेक गाड्यांत बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्यास जोडलेले असते. अशा गाडीत कायम चुंबकाचे चलित्र नेहमीप्रमाणे जोडल्यास ते उलट फिरते व पंखा वाऱ्याच्या विरुद्ध हवा लोटू लागतो. तारांची अदलाबदल केली की काम भागते. परंतु चलित्राचे धातूचे आवरणच त्याचे ऋण टोक असेल, तर ते सांगाड्यापासून निरोधित करावे लागते.

मर्यादा : विद्युत् पंख्याची हवा हलविण्याची क्षमता ठरावीक असते. घाट चढताना गाडी खालच्या गिअरमध्ये मंद चालते, एंजिन मात्र जोराने फिरते व भरपूर उष्णता सोडते. अशा वेळी यांत्रिक पंखा एंजिनाबरोबर वेग घेतो; शंभर वॉटचा विद्युत् पंखा आपल्या मूळ वेगाच्या पुढे जात नाही. पाठीमागून वारा असेल तर फरक आणखी जाणवतो. यासाठी नेहमी घाटात किंवा ओझे घेऊन जाणाऱ्या जुन्या गाडीचा यांत्रिक पंखा काढून टाकू नये असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. गर्दीच्या शहरात वावरणाऱ्या गाडीस मात्र विद्युत् पंखा निश्चितपणे उपकारक ठरतो. अवजड मालमोटारींत पंख्याला कित्येक किलोवॉट शक्ती लागत असल्याने तेथे यांत्रिक पंखाच क्लचासह टिकून राहिला.

आणखी एक परिणाम सहसा ध्यानात येत नाही. यांत्रिक पंखा रेडिएटरबरोबर कार्ब्युरेटर व इंधन पंप यांच्यावरूनही सतत हवा वाहवीत असतो. तो काढल्यावर, विद्युत् पंखा थांबलेला असताना, बॉनेटखालील हवा साचते व पेट्रोलची नळीतच वाफ होऊन इंधनपुरवठा खंडित होण्याचा संभव वाढतो. इंधन पंपावर ओले फडके ठेवण्याचा अनुभवी चालकांचा उपाय याच दोषावरचा होय. तसेच विद्युत् पंखा पट्ट्यावर अवलंबून नसला, तरी पाण्याचा पंप असतोच. पट्टा तुटल्यास पंखा फिरत राहतो, परंतु पाणी फिरत नाही व एंजिन तापतेच. पंखा चालू असल्याच्या आवाजावर विसंबून तापमापकाकडे दुर्लक्ष करणे महागात पडते : सिलिंडरशीर्ष वाकते, त्याखालील गॅस्केट जळते आणि दुरुस्तीचा खर्च पंख्याच्या किंमतीच्या अनेक पट होतो.

दोषनिदान : उभ्या गाडीचे तापमान चढते आणि गाडी चालू लागताच उतरते, तर दोष हवेच्या पुरवठ्यात, म्हणजे पंखा, स्विच किंवा आवरणात असतो. मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना तापमान चढत असेल, तर पंख्याचा संबंध नसतो. तुंबलेला रेडिएटर, झिजलेला पंप, न उघडणारा थर्मोस्टॅट किंवा चुकीची ज्वलनवेळ यांचा शोध घ्यावा. वर्षानुवर्षे विहिरीचे किंवा कूपनलिकेचे दुष्फेन पाणी भरलेल्या रेडिएटरच्या नळ्यांत क्षारांचा थर बसतो. त्यावर कितीही मोठा पंखा लावला, तरी उष्णता पाण्यातून धातूपर्यंतच पोहोचत नाही. म्हणून प्रथम रेडिएटर उघडून साफ करून घ्यावा व पुढे खनिजरहित पाणी आणि गंजरोधक मिसळलेले शीतक द्रव्य वापरावे. रेडिएटरच्या झाकणाचीही तपासणी करावी. सु. अर्धा वातावरण जादा दाब धरून ठेवणारे झाकण समुद्रसपाटीवर पाण्याचा उत्कलनबिंदू सु. १११° से. पर्यंत नेते, त्याची स्प्रिंग सैल झाली म्हणजे हे संरक्षण जाते. महाबळेश्वरसारख्या सु. १,३५० मी. उंचीच्या ठिकाणी, जेथे उघडे पाणी ९६° से. च्या आतच उकळते, तेथे हा फरक लगेच दिसून येतो.

पंखा फिरत नसल्यास स्विचाच्या दोन्ही तारा काढून क्षणभर एकमेकींस जोडाव्यात. पंखा फिरला तर स्विच निकामी आहे. न फिरल्यास वितळतार, रिले व अंगजोडणी तपासून शेवटी चलित्राकडे वळावे. जुन्या चलित्रांत कार्बनचे ब्रश झिजलेले किंवा धारवे कोरडे पडलेले आढळतात. पंखा हाताने सहज फिरतो की नाही, हे बॅटरी सोडवून पाहावे. पंखा थेट रेडिएटरच्या जाळीला प्लॅस्टिकच्या खिळपट्ट्यांनी अडकविण्याची प्रथा टाळावी. कंपनाने त्या नळ्यांना घासून भोके पाडतात. गाडीच्या चौकटीला पत्र्याचे आधार बसवून पंखा त्यावर पेलावा. जतन करावयाच्या गाडीत मूळ पंखा, कप्पी व बोल्ट काढून जपून ठेवावेत आणि शक्यतो सांगाड्यात नवी भोके पाडू नयेत.

एंजिन बंद केल्यावर पाण्याचे फिरणे थांबते, परंतु सिलिंडरांची उष्णता पाण्यात येत राहते. त्यामुळे तापमान काही मिनिटे आणखी चढते. ज्या गाड्यांत पंख्याची जोडणी किल्लीवर अवलंबून नसते, त्यांत अशा वेळी पंखा कोणतीही सूचना न देता एकदम सुरू होतो. म्हणून त्याच्याजवळ हात घालण्यापूर्वी बॅटरीची तार सोडवावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाब एकाएकी कमी होऊन उकळते पाणी व वाफ अंगावर उडते. पाणी कमी झालेल्या तप्त एंजिनात थंड पाणी ओतल्यास सिलिंडरशीर्षास तडा जातो. एंजिन हातास सोसवेल इतके निवाल्यावर, शक्य तर ते मंद गतीने चालू ठेवून, पाणी थोडेथोडे घालावे.